राजाच्या पाठीमागचा वाघ

१९४७ सालचा निकेलचा रुपया हातात घेतला की एका बाजूला सहाव्या जॉर्जचे मुकुट घातलेले डोके दिसते. भोवती इंग्रजीत त्याचे नाव आणि ‘किंग एम्परर’ ही पदवी. नाणे उलटले की वाघ. ना फुलांची वेलबुट्टी, ना गुलाब, ना मुकुट. सबंध उभा वाघ, आणि ‘इंडिया’ हे नाव. अर्ध्या रुपयाच्या आणि पाव रुपयाच्या नाण्यांवर, म्हणजे आपल्या अधेली-पावलीवर, हाच वाघ एक वर्ष आधी, १९४६ मध्ये आला होता. पुढे तीन वर्षांत राजा गेला आणि त्याच्याबरोबर वाघही गेला.

राजा का गेला हे सांगायला कोणी संशोधक लागत नाही. वाघ का आला आणि का गेला, हा प्रश्न मात्र मला बरीच वर्षे चिकटून राहिला आहे. देश स्वतःचा नसताना त्या देशाचे चिन्ह कोणी ठरवायचे? परक्या राज्यकर्त्याने आपल्या नाण्यावर ‘हिंदुस्थान’ दाखवायचा म्हटले तर तो काय दाखवतो? नाणी ही या प्रश्नाची चांगली साक्षीदार आहेत. पुस्तक वाचायला अक्षरओळख लागते, पण नाणे सगळ्यांच्या हातातून जाते. सोलापूरच्या गिरण्यांत मजुरी घेणाऱ्या बाईच्या ओच्यातूनही गेले.

खऱ्या नाण्यांकडे वळण्याआधी एका खोट्या नाण्याचा निकाल लावावा लागेल. ते मध्ये उभे असेपर्यंत पुढचे काही दिसत नाही.

सोलापुरात जुनी नाणी ओळखणारा म्हणून माझे नाव चार लोकांना माहीत आहे. वर्षातून दहा-वीस जण तरी रुमालात बांधून काही ना काही घेऊन येतात. त्यातल्या निम्म्यांकडे एकच वस्तू असते. तांब्याचे किंवा पितळेचे जाड नाणे, एका बाजूला रामपंचायतन नाहीतर द्रोणागिरी उचललेला मारुती, कधी ॐ, कधी कमळ. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ ॲना’ किंवा ‘वन ॲना’ आणि साल. साल बहुधा १८१८. क्वचित १७१७, कधी तर चक्क १६१६. आणणाऱ्याची खात्री असते की हे लाखमोलाचे आहे. त्याहून घट्ट दुसरी खात्री असते : इंग्रजसुद्धा आपल्या देवांना मानून होते, आणि हा त्याचा पुरावा.

दोन्ही खात्र्या चुकीच्या आहेत. १६१६ साली कंपनीचे लोक सुरतेला जेमतेम वखार थाटून बसले होते आणि राजा जेम्सचा वकील सर थॉमस रो जहांगिराच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत फिरत होता. आण्याची इंग्रजी नाणी पाडण्याची त्यांची ना ऐपत होती, ना अधिकार. १८१८ चे तर आपल्याला, म्हणजे सोलापूरकरांना, घरातलेच उदाहरण आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला आणि पेशव्यांचा हा मुलूख कंपनीकडे गेला. मग बाजारात कंपनीचा आणा आला का? नाही. बाजारात होती ती अंकुशी आणि चांदवडी रुपयांची चांदी आणि शिवराई पैशाचे तांबे. कंपनीने पुण्याची टांकसाळ ताब्यात घेतली तरी तिथे अंकुशी रुपयेच पडत राहिले. मुंबईच्या टांकसाळीचे रुपये शाह आलम बादशहाच्या नावाने निघत. तो बादशहा १८०६ मध्येच वारला होता, पण मेलेल्या बादशहाचे नाव चालते तर नवे कशाला घाला, असा व्यापारी हिशेब. मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या पैशावर कंपनीने स्वतःचे चित्र घातले होते : तराजू, आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसी अक्षरांत ‘अदल’, म्हणजे न्याय. देव नाही, देवी नाही, दुकानदाराचा तराजू.

अर्ध्या आण्याचे खरे नाणे आले ते १८३५ च्या कायद्यानंतर, सगळ्या इलाख्यांना एकच चलन लागू झाले तेव्हा. त्यावर कंपनीचे कुलचिन्ह आहे : ढाल, आणि तिला धरून निशाणे घेतलेले दोन सिंह. रुमालातल्या नाण्याची इंग्रजी बाजू या खऱ्या नाण्यावरून घेतली आहे. दुसरी बाजू घेतली आहे आपल्याकडच्या रामटंक्यांवरून. रामटंके ही खरी आणि जुनी परंपरा आहे. यात्रेहून आणायचे, देव्हाऱ्यात ठेवायचे, पूजायचे. त्यांनी कधी बाजारहाट केला नाही. या दोन वेगळ्या वस्तूंना विसाव्या शतकात कोणी तरी एका साच्यात ओतले आणि त्यावर एक भारदस्त साल टाकले.

एवढे मी दर वेळी सांगतो. समोरच्याचा चेहरा पडतो, पण तो पडायलाच हवा, कारण त्याच्या खिशात बहुधा एक फोन नंबरही असतो. दोन वर्षांपूर्वी पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे आला होता. फोनवरच्या माणसाने त्याच्या मारुतीच्या नाण्याला नऊ लाख सांगितले होते, फक्त आधी साडेचार हजार ‘नोंदणी’ भरायची होती. पाठवलेल्या पत्रावर रिझर्व्ह बँकेचे चिन्ह छापलेले. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही, त्यासाठी शुल्क किंवा दलाली मागत नाही, आणि तिच्या नावाने कोणी तसे करत असेल तर फसू नका, असे बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले आहे. हा कामगार पैसे भरण्याआधी आला म्हणून वाचला. त्या पत्रावरचे चिन्ह मात्र मी नीट पाहून घेतले. वाघ आणि ताडाचे झाड. आपल्या विषयाचा धागा नेमका तिथे आहे. त्याकडे पुढे येतो.

आता खरी नाणी. १८३५ मध्ये कंपनीने चौथ्या विल्यमच्या नावाने सोन्याची मोहोर आणि दुहेरी मोहोर काढली. तिच्या पाठीवर सिंह चालतो आहे आणि मागे ताडाचे झाड आहे. चित्र देखणे आहे. त्याचा अर्थही सरळ आहे : सिंह इंग्रजांचा, झाड आपले. हिंदुस्थान त्या चित्रात आहे तो पार्श्वभूमी म्हणून. सोने सामान्य माणसाच्या हाती येत नव्हते, त्यामुळे हा सिंह फार थोड्यांनी पाहिला.

व्हिक्टोरियाच्या रुपयावर, ज्याला आपण राणीछाप म्हणतो, पाठीमागे नुसती वेलबुट्टी आहे. ती कुठल्याही देशाची असू शकली असती. पहिले ओळखू येणारे हिंदी चिन्ह येते ते तिच्या मुलाच्या रुपयावर. १९०३ पासूनच्या सातव्या एडवर्डच्या रुपयावर राजाचे डोके बोडके आहे आणि मुकुट मागच्या बाजूला गेला आहे. त्या मुकुटाच्या खाली दोन्ही अंगांनी कमळाचे देठ वर चढले आहेत, कळ्या-फुलांसकट. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर कमळ राहिले, पण त्याला शेजारी मिळाले : इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचे काटेरी फूल आणि आयर्लंडचे तीन पानांचे गवत. एका वेलीत चार देश. साम्राज्याचे कुटुंबचित्रच म्हणा ना. घरोघरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजही जो चांदीचा रुपया येतो तो पुष्कळदा हाच असतो. या दिवाळीला भिंग लावून बघा, खालच्या बाजूला कमळ सापडेल. लक्ष्मीला ते चालत असावे. चांदी खरी होती, शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग.

कमळ काही इंग्रजांनी शोधून काढलेले नव्हते आणि ते त्यांच्याकडेच राहिले असेही नाही. १९०६ साली कलकत्त्यात वंगभंगाच्या चळवळीत जो ध्वज फडकला त्याच्या वरच्या पट्ट्यात आठ कमळे होती. पुढच्याच वर्षी मादाम कामांनी जर्मनीतल्या श्टुटगार्टला जो ध्वज उभारला त्यावरही कमळे होती. म्हणजे एकाच दशकात एकच फूल राजाच्या मुकुटाखालीही आहे आणि त्याच्याविरुद्धच्या निशाणावरही. चिन्हांच्या इतिहासात असे नेहमी होते. चिन्ह कोणते यापेक्षा ते कोणाच्या हातात आहे हे पाहावे लागते.

पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया १९११ चा. दिल्ली दरबाराचे वर्ष. राजाच्या अंगावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या मानाची माळ आहे. या माळेत हत्ती, मोर आणि गुलाब गुंफलेले असतात. शिल्पकार बर्ट्रम मॅकेनलने छातीवरचा हत्ती कोरला तो इतका बारीक की सोंड आखूड झाली आणि पाय तोकडे. लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमान समाजात संताप उसळला, आणि हिंदूंनाही राजाच्या छातीवर डुक्कर काही मंगल वाटले नसणार. पाडलेल्या चौऱ्याण्णव लाखांपैकी सुमारे सात लाख रुपये बाहेर गेले होते. उरलेले रोखून धरले, बाहेरचेही जमतील तितके परत घेतले, आणि १९१२ पासून सोंड लांब, कान स्पष्ट, असा नवा साचा आला. संग्राहक या नाण्याला ‘पिग रुपी’ म्हणतात आणि त्याची किंमतही चांगली येते. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. साम्राज्याने हिंदुस्थानच्या नाण्यावर हिंदी प्राणी घालण्याची हिंमत केली, तर तो राजाच्या दागिन्यातला एक मणी म्हणून, मोहरीएवढा. आणि तो मोहरीएवढा हत्ती लाखो लोकांनी पाहिला, त्याला नावे ठेवली, आणि सरकारला साचा बदलावा लागला. नाणे लोक किती बारकाईने पाहतात याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता चांदीवरून खाली येऊ, कारण गरिबांच्या हातात रुपया महिन्यातून एकदा येई, आणा रोज. १९०७ च्या सुमाराला निकेल-तांब्याचा एक आण्याचा शिक्का निघाला, कडेला लाटा असलेला. पुढे चौकोनी चवलीही आली. या नाण्यांवर किंमत इंग्रजीखेरीज चार लिप्यांत दिली आहे : उर्दू, नागरी, बंगाली आणि तेलुगू. नागरीत ‘एक आना’, ‘दो आना’. मराठी ‘आणा’ नव्हे. ‘ण’ला टांकसाळीत जागा मिळाली नाही. तरी सोलापूरच्या दृष्टीने हे नाणे विलक्षण आहे. या शहरात तेव्हाही आणि आजही चार भाषा रस्त्यावर ऐकू येतात : मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा पूर्व भाग, सिद्धेश्वराला मानणारा कानडी समाज, बेगम पेठेच्या बाजूची उर्दू. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. या गिरण्यांच्या पगाराच्या दिवशी जे आणे हातात पडत त्यावर चारांपैकी तीन भाषांच्या माणसांना आपली लिपी दिसत असे. कानडी माणसाला मात्र शेजारची तेलुगू अक्षरे वाचून काम भागवावे लागे. दोन्ही लिप्या बहिणी आहेत, त्यामुळे ते जमतही असेल.

या आण्यावर राष्ट्रचिन्ह असे काही नाही. पण हिंदुस्थान म्हणजे काय, या प्रश्नाला कमळापेक्षा या चार लिप्यांनी अधिक खरे उत्तर दिले असे मला वाटते. इंग्रजांनी ते काही उदात्त हेतूने दिले नव्हते. न वाचता येणारे नाणे चालत नाही, एवढेच.

सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. आज एसटीने तासाभरात जातो. १९४८ पर्यंत मात्र ही वाट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची, कारण तुळजापूर-नळदुर्ग निजामाच्या मुलखात होते. भवानीच्या दर्शनाला जाणाऱ्या सोलापूरकराला तिकडचा पैसा लागे. इकडचा कलदार, तिकडचा हाली. सहा कलदाराला सात हाली असा दर. आणि हाली रुपयावर राजा नव्हताच. मीर महबूब अली खानाच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, यंत्रावर जी नवी नाणी पडू लागली त्यांवर चारमिनार आला. मधल्या कमानीत एक फारसी अक्षर : महबूबचा ‘मीम’. १९११ मध्ये उस्मान अली खान गादीवर आल्यावर त्या जागी ‘ऐन’. बाकी इमारत तीच. मला फारसी येत नाही. अक्षरे ओळखण्यापुरती मी पदरमोड करून शिकलो, आणि कमानीतले ते एक अक्षर स्वतः वाचता आले त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

चारमिनाराचा मुद्दा असा की, आपल्या शेजारी चाळीस-पन्नास वर्षे एक चलन चालत होते ज्यावर ना इंग्रज राजाचा चेहरा होता, ना त्याचे नाव. ओळख म्हणून होती ती एका शहरातली वास्तू. इंग्रजांच्या आधिपत्याखालच्या संस्थानाला जे जमले ते खालसा मुलखाला जमत नव्हते. अर्थात चारमिनार हे निजामाच्या प्रजेने निवडलेले चिन्ह होते असे नव्हे. तिथेही वरूनच आले. कच्छच्या संस्थानात तर टोकाची दोन्ही उदाहरणे आहेत : तिथल्या कोऱ्यांवर इंग्रज बादशहांची नावे इमानाने येत राहिली, अगदी वर्षही न टिकलेल्या आठव्या एडवर्डचेसुद्धा, आणि विक्रम संवत २००४ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षी, त्याच कोरीवर नागरीत ‘जय हिंद’ आले.

नाण्यांच्या गोष्टीत १९३० ची गोष्ट कुठे बसते, असे मला एका मित्राने विचारले होते. माझ्या मते ती मधोमध बसते. गांधीजींना ५ मे रोजी पकडल्यावर सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, मग काही दिवस शहरात सरकार असे उरलेच नाही, आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. त्या लष्करी राजवटीत काँग्रेसचा चरख्याचा झेंडा घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. त्यांचे पुतळे आज शहरात आहेत. मी त्या चौकातून जाताना हिशेब करतो : त्या मे महिन्यात सोलापूरच्या बाजारात जो रुपया फिरत होता त्यावर कमळ होते, आण्यावर तेलुगू आणि नागरी होती. सरकारच्या मते हिंदुस्थान नाण्यावर होताच की. लोकांनी स्वतः निवडलेले चिन्ह मात्र काठीला लावून रस्त्यावर आणले की तुरुंग. परक्या सत्तेला देशाच्या चिन्हाचे वावडे नव्हते. ते कोण निवडतो, याचे होते.

आता वाघ. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिला मोहोर हवी होती. सरकारी वाटता कामा नये, पण सरकारशी नाते दिसले पाहिजे, अशी काहीशी अवघड अपेक्षा होती. शोधता शोधता नजर गेली ती १८३५ च्या त्या दुहेरी मोहरेवर : सिंह आणि ताड. चित्र पसंत पडले, फक्त सिंहाच्या जागी वाघ घ्यावा असे ठरले, कारण हिंदुस्थानचा खास प्राणी म्हणायचा तर वाघ. नमुन्यासाठी कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर वाड्याच्या फाटकावरचा वाघाचा पुतळा गाठला. चित्र तयार झाले आणि तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सर जेम्स टेलर वैतागले. त्यांना वाघ कुत्र्यासारखा दिसला. कुत्रा आणि झाड अशी मोहोर पाहून टवाळ लोक काय म्हणतील, ही त्यांची काळजी नोंदली गेली आहे. १९११ च्या डुकराची आठवण त्यांना झाली असेल का? माझा तर्क आहे, की झाली असावी. दुरुस्तीचे नमुने आले तेव्हा वाघ जमला पण झाड बिघडले, बुंधा फार लांब आणि फांद्या कोळ्याच्या पायांसारख्या. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसपर्यंत पत्रे गेली. टेलर पुढे गव्हर्नर झाले तरी त्यांचे पुरते समाधान झाले नाही. तोच वाघ आज बँकेच्या मोहरेवर आहे, आणि त्या ठकाच्या पत्रावरही होता.

या बदलाकडे थांबून पाहण्यासारखे आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रात प्राणी त्यांचा आणि झाड आपले होते. १९३५ मध्ये दोन्ही आपले झाले. राज्यघटना किंवा सभा-ठरावातून नव्हे, एका बँकेच्या फायलीतून.

नाण्यावर वाघ येण्यामागे मात्र युद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात लोक चांदीचे रुपये दडवू लागले. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली : ५० भाग चांदी, ४० तांबे, ५ निकेल, ५ जस्त. कडेवर खाच पाडली, बनावटीला आळा म्हणून. तांबेही महाग, म्हणून १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा आला; गिरण्यांत आणि सायकल दुकानांत तो वॉशर म्हणून वापरल्याचे जुने लोक सांगतात. तरी चांदी पुरेना. तेव्हा अमेरिकेने उसनवारीच्या करारावर सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी दिली. उसनी म्हणजे युद्ध संपल्यावर परत करायची. मग चलनातून चांदी काढून घ्यायची तर तिच्या जागी काय? शुद्ध निकेल. १९४६ मध्ये अधेली आणि पावली, १९४७ मध्ये रुपया. धातू बदलला, साचा नवा करणे आले, आणि त्या नव्या साच्यावर वाघ बसला. गुलाब, काटेरी फूल आणि तिपानी गवत यांना पुन्हा जागा मिळाली नाही. चुंबक जवळ नेला तर हा रुपया टपकन चिकटतो. चांदीचा चिकटत नाही. घरातला रुपया कुठला, हे ओळखायची सोपी खूण.

त्या काळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, त्या पदावरचे पहिले हिंदी गृहस्थ आणि आपल्या महाडजवळच्या नाते गावचे. नाणी पाडणे हे बँकेचे नव्हे, सरकारचे काम. तेव्हा वाघाचे श्रेय मी चिंतामणरावांना देणार नाही, मोह झाला तरी. पण बँकेच्या मोहरेवरचा वाघ आणि नाण्यावरचा वाघ अकरा-बारा वर्षांच्या अंतराने एकाच कल्पनेतून आले, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पटते. आणि वेळ बघा. १९४६. सत्ता जाणार हे दिल्लीत सगळ्यांना कळले होते. राजाची बाजू तशीच ठेवून पाठीमागची बाजू साम्राज्याने आधीच सोडून दिली होती.

स्वातंत्र्य मिळाले त्या दिवशी नाणे बदलले नाही. पुढची तीन वर्षे जुनेच चलन चालू राहिले. ‘हिंदुस्थानचा सम्राट’ ही पदवी जॉर्जने २२ जून १९४८ च्या जाहीरनाम्याने सोडली, तरी ती पदवी मिरवणारा रुपया मंगळवार बाजारात भाजी विकत घेतच होता. अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष २६ जानेवारी १९५० रोजी देशाचे चिन्ह झाले आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला नवी नाणी निघाली. राजाच्या जागी सारनाथचे सिंह. रुपयावर वाघाच्या जागी धान्याची कणसे. आण्यांवर वशिंडाचा बैल, पैशावर धावता घोडा. हे दोन्ही त्याच सिंहशीर्षाच्या बैठकीवरचे. १९०५ च्या उत्खननात मातीतून वर आलेला तो दगड चाळीस-पंचेचाळीस वर्षांत दर माणसाच्या खिशात गेला.

वाघ का गेला याचे उत्तर आता बरेचसे मिळते. प्राणी आपला होता, चित्रही बरे होते, पण तो राजाच्या पाठीला पाठ लावून आला होता. नव्या राज्याला स्वतःची निवड हवी होती. तीही अशी, की ज्यात एकही गोष्ट इंग्रजी नाण्यावरून आलेली नाही. गंमत एवढीच की सिंह परत आला. १८३५ च्या मोहरेवरून नव्हे, त्याच्या दोन हजार वर्षे आधीच्या खांबावरून. वाघालाही फार थांबावे लागले नाही. १९७२-७३ मध्ये, व्याघ्रप्रकल्पाच्या वेळी, राष्ट्रीय प्राण्याचा मान सिंहाकडून त्याच्याकडे गेला.

१९५० च्या नाण्यांत मला एकच गोष्ट खटकते. किंमत इंग्रजीत आणि हिंदीत आहे. उर्दू, बंगाली, तेलुगू गेल्या. नोटेवर भाषांची रांग राहिली, पण पूर्व भागातल्या विणकर बाईच्या हातात नोट कितीदा येत होती? १९४७ पर्यंतच्या आण्यावर तिला वाचता येईल असे अक्षर होते. चिन्ह स्वतःचे झाले त्याच वेळी ते अक्षर गेले. कोणी मुद्दाम तिच्यावर अन्याय केला असे मी म्हणत नाही, पण नाणी शेजारी ठेवली की ते दिसते.

जुनी नाणी लगेच बाद झाली नाहीत. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे झाले, तोवर सोलापूरच्या गल्ल्यांत वाघ, सिंह, बैल आणि भोकाचा पैसा एकाच पेटीत पडत होते. सीमेपलीकडचा चारमिनारसुद्धा पोलीस कारवाईनंतर काही वर्षे तुळजापूरच्या बाजारात सहाला सात या दराने चालत राहिला.